बांधावरच्या लिंबातली बाळंतखोली

कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून बांधाला लागल्या, हळदीच्या कढया पेटल्या की मराठवाड्यात खारीची लगबग सुरू होते. तोंडात मावणार नाही एवढा कापूस नाहीतर सुतळी कोंबून ती बुंध्यावरून सरसर वर जाताना आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. पुढे ती कुठे जाते, त्या सामानाचं काय करते, हे मात्र फारसं कुणी बघत बसत नाही. सुगरणीच्या खोप्याचं आपल्याकडे केवढं कौतुक! खारीचं घरटं दिसलं तरी फांदीत कचरा अडकलाय म्हणून माणूस पुढे जातो.

यंदा फाल्गुनात तेवढ्यासाठीच निघालो. येडशीपासून किनवटपर्यंत, झाडावर राहणारे लहान सस्तन प्राणी आपली पिल्लं कुठे आणि कशात वाढवतात ते बघत.

शुक्रवार, येडशी

लातूरहून सकाळच्या एसटीने येडशी गाठलं. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत आहे. बालाघाटाच्या रांगेतला हा तुकडा १९९७ साली अभयारण्य झाला. सगळा मिळून २२ चौरस किलोमीटरच्या आसपास, पण उजाड माळातून आलेल्या माणसाला इथली सावलीसुद्धा मोठी वाटते. धावडा, खैर, पळस, बाभूळ, देवळाजवळ मोठाल्या चिंचा. पळस तेव्हा ऐन फुलात होता.

माकडं पिशवीवर टपलेली असतात, म्हणून सगळं सामान पाठीला बांधून नारळ फोडतात त्या जागेजवळ बसलो. तिथे सोलून टाकलेल्या शेंड्यांचा ढीग होता आणि त्या ढिगावर एक खार. मागच्या पायांवर बसून, पुढच्या पंजांनी शेंडी दाबून धरून ती दातांनी काथ्या सोडवत होती. एक धागा सुटला की तो पंजाने तोंडात ढकलायचा, जिभेने आत सरकवायचा, मग दुसरा. मध्येच सगळा बोळा बाहेर काढून, उलटासुलटा करून, घट्ट दाबून परत तोंडात. बोळा तिच्या डोक्याहून मोठा झाला तेव्हा ती निघाली. सरळ झाडावर गेली नाही. आधी देवळाच्या भिंतीवर, तिथून एका वाळक्या फांदीवर, थोडं थांबून कानोसा घेऊन मग चिंचेत. परत आली ती वेगळ्याच वाटेने. पुढच्या खेपेला तिसरीच वाट. कावळ्याला आणि शिक्र्याला पत्ता लागू नये म्हणून ती असं करते असं मला वाटतं. दुसरं कारण सुचत नाही.

घरटं चिंचेच्या बेचक्यात होतं, बरंच उंच, पाल्यात दडलेलं. दुर्बिणीतून नीट दिसलं. गोल, वरून बंद, एका बाजूला तोंड. ती आत शिरली की घरटं आतून हलायचं. काथ्या नुसता टाकून येत नव्हती, अंगाने दाबून बसवत होती. खारीच्या संसारात हे सगळं मादीचं काम. जोडी जमते तेवढ्यापुरता नर येतो. घरटं, सुमारे ४० दिवसांचं गर्भारपण, पिल्लांना पाजणं आणि राखणं, सगळं तिच्या एकटीवर.

देवळाच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. रामाने पाठीवरून हात फिरवला म्हणून खारीला बोटं उमटली, हे त्यांनी मला सांगितलंच. रामलिंगला ही गोष्ट फार शोभून दिसते, कारण जटायू रावणाशी लढला तो इथेच असं इथली माणसं मानतात. मी आजोबांना म्हटलं, ‘आजोबा, जरा मोजून बघा, या खारीला पट्टे किती?’ ते डोळ्यांवर हात धरून बघत राहिले आणि म्हणाले, ‘तीन तर हायतच. आन् कडंनं आनखी दोन दिसायलेत.’ बरोबर होतं. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या खारीच्या दोन जाती. दक्षिणेकडच्या ओलसर मुलखात तीन पट्ट्यांची जास्त, आणि कोरड्या मुलखात, गावात, शेतात, माणसाच्या आसपास राहणारी ही पाच पट्ट्यांची. वजन जेमतेम १०० ग्रॅम. पण हिची जिद्द एवढी की ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ साली बाहेर पडलेल्या खारींचा वंश त्या शहराच्या बागांमधून अजून नांदतो आहे. मिळेल त्या झाडावर, मिळेल त्या धाग्यादोऱ्यांनी घर करणारा प्राणी कुठेही तगतो.

झाड मात्र लागतं.

शनिवार, अंबाजोगाईच्या वाटेवर

दिवसभर बसच्या खिडकीतून झाडं मोजत होतो, आणि मोजायला फार लागली नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमान धरून उभे असलेले जुने वड रुंदीकरणात गेले. जागोजागी बुंधे उखडल्याचे खड्डे बुजवलेले दिसतात. दुभाजकात कण्हेर लावली आहे. कण्हेर दिसायला छान, पण तिच्यात ढोली होत नाही आणि घरटं पेलेल असं बेचकंही होत नाही.

अंबाजोगाईत संध्याकाळी आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरलो. दरी अजून गर्द आहे. एका उंबरात दोन घरटी दिसली, एक ताजं, एक ढासळलेलं. खारीची एकापेक्षा जास्त घरटी असतात. एकात पिसवा झाल्या किंवा कुणी छेडलं तर दुसरं तयार हवं. भीमाशंकरच्या रानातला शेकरू, आपला राज्यप्राणी, तोही खारीच्याच कुळातला आणि तोही आपल्या हद्दीत काटक्या-पानांची अशी अनेक घरटी बांधून ठेवतो. तो वीस पट मोठा, त्याचं रान वेगळं. सवय मात्र घराण्याचीच.

रविवार, वसमतजवळचा आखाडा

माझे मामा वसमतकडे शेती करतात. परळी, परभणी करत दुपारपर्यंत आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या वस्तीवर, पोचलो. हळद काढणीचे दिवस. एकीकडे शिजवलेली हळद वाळत पडलेली, दुसरीकडे बारदान्याची चळत, पत्र्याखाली विकायचा राहिलेला थोडा कापूस. खारीला घरटं बांधायला याहून चांगला बाजार कुठला?

मामा पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. मग ठिबकच्या नळ्यांचं एक भेंडोळं आणून माझ्या पुढ्यात टाकलं. जागोजागी कुरतडलेलं. ‘हे बघ तुझ्या खारीचं काम. तू त्यांच्यावर लिहायलास, आन् मी नळ्या जोडायलोय.’ मामांचा राग खोटा नव्हता. उन्हं तापली की पाण्यासाठी खारी नळ्या फोडतात, उंदरंही फोडतात, आणि तुरीच्या शेंगा, भुईमूग खातात ते वेगळंच. शेतकऱ्याचं हे नुकसान बाजूला सारून खारीचं कौतुक सांगणं मला जमणार नाही. मामांनीच त्यावर एक उपाय केलेला होता. फुटक्या माठाचं बूड लिंबाखाली पुरून त्यात रोज पाणी ओततात. तेव्हापासून नळ्या फोडणं कमी झालं, थांबलं नाही, असं ते म्हणाले.

मामींनी एक वस्तू माझ्यासाठी राखून ठेवली होती. आठवड्यापूर्वीच्या वावधानात बाभळीची फांदी मोडली, तिच्यासोबत खाली आलेलं खारीचं रिकामं घरटं. पोतं अंथरून त्यावर ते हळूहळू उकललं.

वीतभर रुंद, त्याहून थोडं लांब. बाहेरच्या थरात लिंबाच्या बारीक काड्या, वाळलेली हराळी, हळदीच्या पाल्याच्या फाडलेल्या पट्ट्या. हा थर खरबरीत, सैल, पाऊस-वारा झेलणारा. त्याच्या आत सुतळी. बारदान्यातून उपसलेली, आणि गंमत म्हणजे पीळ सोडवलेली. प्रत्येक धागा दातांनी चिरून त्याचा ताग मोकळा केलेला होता. त्यातच शेळीचे केस, जुन्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी, मामींनी ती लगेच ओळखली. सगळ्यात आत मूठभर पोकळी आणि तिच्याभोवती बोटभर जाडीचा कापूस, पिंजाऱ्याने पिंजून द्यावा इतका हलका. त्यात सरकीचा एक दाणा नाही, काडी नाही, टोचेल असं काहीही नाही. तोंडाच्या बाजूला कापूस थोडा जास्त होता. आत गेल्यावर तो ओढून दार बुजवता यावं, अशीच ती योजना दिसत होती.

हे सगळं कशासाठी, ते पिल्लं बघितली की कळतं. खारीची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडीनागडी, डोळे मिटलेली, गुलाबी. बहुतेक वेळा दोन-तीन असतात. अंगावर लव नाही, त्यामुळे स्वतःची ऊब त्यांना धरता येत नाही, आणि आईला दिवसातून कितीदा तरी खाण्यासाठी बाहेर जावं लागतं. ती नसताना पिल्लांना सांभाळतं ते घरटंच. कापसाच्या आणि तागाच्या धाग्यांत हवा अडकून राहते. ही अडकलेली हवा रात्रीचा गारठा आत येऊ देत नाही आणि मराठवाड्याची चाळिशीपार गेलेली दुपारही बरीच बाहेर थोपवते. गोल आकाराचाही फायदा आहे. तेवढ्याच पोकळीला गोलाइतकं कमी पृष्ठ दुसऱ्या कुठल्याच आकारात लागत नाही, म्हणून ऊब निसटायला जागा कमी.

मधल्या थरात एक निळा नायलॉनचा धागा निघाला. शेडनेटचा असावा. याची मला खरी भीती वाटते. ताग कुजतो, कापूस तुटतो. नायलॉन तुटत नाही. पिल्लाच्या पायाला त्याचा फास बसला की पिल्लू वाढतं, धागा वाढत नाही. पाय झडलेली खार मी याआधी पाहिलेली आहे. शेडनेटचे, खताच्या पोत्यांचे धागे बांधावर न टाकता गोळा करून ठेवणं एवढं आपल्या हातात आहे. मामांच्या नातवाने ते काम संध्याकाळपर्यंत अंगावर घेतलंही.

चहा झाला आणि मामी ओरडल्या, ‘अरे इकडं ये, लेकरं हलवायली बघ ती!’

विहिरीजवळच्या बाभळीवर दुसरं एक घरटं होतं. सकाळपासून एक भारद्वाज त्या झाडात खुडबुडत होता. भारद्वाज घरट्यातली अंडी-पिल्लं सोडत नाही. खारीने बराच वेळ शेपटी झटकत चिकचिकाट केला होता, आणि आता ती घर बदलत होती. पिल्लू तोंडात होतं. मांजरीसारखं मानगुटीला नाही, पोटाच्या कातडीला धरलेलं. पिल्लाने अंगाचं वेटोळं करून तिच्या मानेला विळखा घातला होता, त्यामुळे समोरून तिचं तोंडच दिसत नव्हतं. ती बाभळीवरून खाली उतरली, मधला उघडा बांध एका दमात पार केला आणि पलीकडच्या जुन्या लिंबावर चढली. तिथे माणसाच्या दीडपट उंचीवर, कधीकाळी मोडलेल्या फांदीच्या जागी, लाकूड कुजून ढोली झालेली आहे. तोंड इतकं लहान की मामांची मूठ आत जाणार नाही. ती आत गेली, लगेच बाहेर आली, परत बाभळीवर. दुसरं पिल्लू. मग तिसरं. तिसऱ्यानंतरही ती एकदा रिकाम्या घरट्यात जाऊन आली. आत कुणी राहिलं नाही ना, हे बघूनच तिने ती बाभूळ सोडली.

मी मामांकडे बघितलं. हाच लिंब ते पाडणार होते. पाडव्यानंतर.

‘पोकळ झालाय तो,’ मामा म्हणाले. ‘शेंडा वाळलाय, वाऱ्यात कोट्यावर पडंल. आन् फांदी तारंला लागायलीय. त्याच्या जागी मी दहा झाडं लावतो, झालं?’

मामा झाडं लावणारा माणूस आहे. २०१९ च्या ३३ कोटींच्या मोहिमेतही त्यांनी लावली, आणि त्यातली बरीच जगवली. पण लावलेल्या झाडात ढोली व्हायला काय लागतं ते मी त्यांना समजावून सांगितलं. आधी झाडाला वय यावं लागतं. मग फांदी मोडावी लागते, त्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत जावी लागते, गाभा हळूहळू कुजावा लागतो, बाहेरचं लाकूड मात्र जिवंत राहावं लागतं. नाहीतर सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने पोखरलेलं भोक मिळावं लागतं, आणि तेही बहुतेक वाळलेल्या, मऊ पडलेल्या लाकडातच पोखरतात. या सगळ्याला दशकं जातात. म्हणजे आज लावलेल्या लिंबात बाळंत होणारी खार मामांचा नातू म्हातारा होईल तेव्हा येईल. आपण ज्या झाडाला ‘पोकळ, काही कामाचं नाही’ म्हणतो ते नेमकं तेव्हाच बाकी सगळ्यांच्या कामाला आलेलं असतं: खारीच्या, पोपटांच्या, साळुंकीच्या, पिंगळ्याच्या. मराठवाड्यात जंगल किती आहे हे आपल्याला माहीत आहे. इथे या जीवांचं जंगल म्हणजे बांधच, आणि बांधावरचा एक जुना लिंब गेला तर पुढचा एक मैलावर असतो. खार पिल्लू तोंडात धरून मैल जात नाही.

मामा ‘बघू’ म्हणाले.

सोमवार, अर्धापूर

नांदेडच्या वाटेवर अर्धापूरला केळीच्या बागा. तिथे एका शाळेच्या आवारात खोट्या अशोकाची उंच रांग आहे, आणि त्यातल्या एका झाडाखाली मला हवं ते सापडलं: उंबराच्या बिया, देशी बदामाचे अर्धवट चावलेले तुकडे, चघळून रस घेतलेल्या पाल्याच्या गोळ्या. वर मान केली तर लोंबत्या पानांच्या आत एक घुमटी. आत आखूड नाकाची वटवाघळं, एकमेकांना चिकटून लटकलेली.

खारीच्या उलट तऱ्हा. इथे घर नर बांधतो. बारीक डहाळ्या आणि पानांचे देठ चावून चावून आतली जागा मोकळी करायची, बाहेरची पानं तशीच लोंबती ठेवायची, की खालून उघडा, वरून आणि बाजूंनी झाकलेला तंबू तयार होतो. भेरली माडाच्या लोंबत्या घोसातल्या मधल्या सरी कुरतडूनही ते अशीच जागा करतात. काम आठवडे चालतं. मग माद्या येतात, आणि एका नराच्या तंबूत अनेक माद्या राहतात. तो जागा राखतो. प्रत्येक मादीला एका वेळी एकच पिल्लू, आणि वर्षातून दोनदा. माझ्या भेटीच्या सुमाराला पहिली वीण झालेली असते. एका मादीच्या पोटाशी पिल्लू दिसलंही, पंखाच्या पडद्यात अर्धं झाकलेलं. ऊब द्यायला इथे कापूस नाही. ऊब आईच्याच अंगाची.

शाळेच्या शिपाईमामांनी विचारलं, ‘अपशकुनी तर नाही ना?’ उंबर आणि बदाम खाऊन बिया लांबवर टाकणारा हा जीव झाडं लावायला मदतच करतो, असं सांगितल्यावर त्यांनी झाडाखाली झाडायची वेळ दुपारऐवजी सकाळची केली. एवढं पुरे आहे.

मंगळवार, किनवट

भोकर, हिमायतनगर मागे टाकलं की हवाच बदलते. साग, मोह, बांबू. मराठवाड्याचं खरं रान इथे आहे. ओळखीच्या एका गोंड कुटुंबाकडे, गावाच्या कडेला उतरलो. ज्याला बघायला आलो होतो त्याचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास. लांब शेपटीचा झाडउंदीर. अंग तांबूस, पोट पांढरं, शेपटी अंगापेक्षा कितीतरी लांब. पायाच्या पहिल्या आणि शेवटच्या बोटाला नखी नसून चपटं नख असतं, आणि ही बोटं समोरासमोर वळतात, त्यामुळे काडी पकडता येते. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. सगळा संसार फांद्यांवर, आणि तोही रात्री.

घरच्या दादांनी अंधार पडल्यावर बांबूच्या बेटाकडे नेलं. लाल कागद लावलेली बॅटरी. बराच वेळ काही नाही, फक्त डास. मग दादांनी माझं मनगट दाबलं. करंगळीएवढ्या कामटीवरून तो चालला होता, शेपटीचा वेढा मागच्या फांदीला देत, एक पाय पुढे टाकून भार जोखत. तोंडात गवताचं पातं होतं, त्याच्या अंगापेक्षा लांब. एका तुटक्या बांबूच्या पोकळ पेरात तो शिरला. पातं आडवं झालं, आत जाईना. बाहेर आला, पातं मधोमध दुमडलं, पुन्हा शिरला. या वेळी गेलं.

अशा पोकळ्यांत, ढोलीत किंवा फांद्यांच्या बेचक्यात तो गवतापानाचा लहानसा गोळा करतो आणि त्यातच पिल्लं देतो. दादा म्हणाले, बांबू तोडताना कधीकधी असा गवताचा गोळा निघतो, तेव्हा ते पेर तसंच सोडायची रीत त्यांच्या घरात आहे. वाळलेला, फुटका बांबू बेटातून सगळाच काढायचा नसतो, हे मी त्यांना सांगायला गेलो नव्हतो. ते त्यांना आधीपासून माहीत होतं.

बुधवार

किनवट स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना मामांचा फोन आला. लिंबाचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. बुंधा राहू द्यायचा, ढोलीच्या वर चार हातांवर शेंडा उतरवायचा, म्हणजे कोट्याला धोका नाही. पण तारेला लागणारी फांदी काढावीच लागेल, वायरमन मागे लागलाय. मी विचारलं, पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबता येईल का? डोळे उघडायलाच त्यांना काही आठवडे लागतात.

‘वायरमनला मी चैत्राअखेर ये म्हणलंय,’ मामा म्हणाले. ‘तवर तू येऊन जा एकदा. आन् येताना त्या नळीचे जॉइनर घेऊन ये, सोळा एमएमचे. परत फोडलीय.’